पाहुण्यांचा पैसा कुठे मुरतो?

एखाद्या वारसास्थळाविषयी वाचताना तिथे वर्षभरात किती पर्यटक आले, हे हमखास सापडते. त्यांनी खर्च केलेल्या पैशांपैकी त्या गावात किती मुरले, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या आठव्या उद्दिष्टात पर्यटनाकडून जी अपेक्षा आहे, ती गर्दीची नसून स्थानिक रोजगाराची आणि स्थानिक संस्कृती व उत्पादनांना चालना देण्याची आहे.

हॉटेल बाहेरच्या कंपनीचे, सामान आयात केलेले आणि आरक्षण परदेशातून झालेले असेल, तर पैसा आल्या पावली परत जातो. अर्थतज्ज्ञ याला गळती म्हणतात. विणकर, मूर्तिकार, वाटाड्या यांचे कौशल्य मात्र त्या मातीत रुजलेले असल्यामुळे सांस्कृतिक पर्यटनात ही गळती कमी राखता येते, असे मला वाटते. (अर्थात, कारखान्यात छापलेली वस्तू ‘हस्तकला’ म्हणून विकली जात नसेल तर!)

कंबोडियातील अंकोर हे प्राचीन देवळांचे स्थळ या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते. १९९२ मध्ये जागतिक वारसा यादीत येतानाच हे स्थळ धोक्यातील वारशाच्या यादीतही गेले आणि २००४ मध्ये त्यातून बाहेर पडले. २०१७ पासून तेथील एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर झाले, त्यांतले दोन डॉलर मुलांच्या धर्मादाय रुग्णालयांना देण्याचे ठरले. देवळे पाहायला आलेला माणूस नकळत एखाद्या आजारी मुलाच्या उपचाराला हातभार लावतो, ही व्यवस्था मला फार आवडते. पण त्याच माणसाच्या आंघोळीचे पाणी येते कुठून? शेजारच्या सिएम रीप शहरात भूजलाचा उपसा वाढला, आणि ओलसर वाळूच्या आधारावर उभी असलेली ही देवळे त्यामुळे खचतील की काय, अशी काळजी तज्ज्ञ व्यक्त करत आले आहेत.

व्हेनिसची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्याही खाली गेले. २०२४ पासून ठरावीक दिवशी तिथे मुक्कामाशिवाय येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते, पण पर्यटकांना भाड्याने दिलेली घरे त्यामुळे रहिवाशांना परत मिळतील, असे मला वाटत नाही.

भूतानने उलट वाट धरली. परदेशी पाहुण्यांकडून प्रत्येक रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क घ्यायचे आणि त्यातून नागरिकांच्या मोफत शिक्षण-आरोग्यासारख्या गोष्टींना पैसा पुरवायचा, असे हे धोरण आहे. २०२२ मध्ये २०० डॉलर केलेले हे शुल्क पर्यटनाला पुन्हा उभारी यावी म्हणून पुढच्याच वर्षी निम्मे करावे लागले. बेताच्या कमाईच्या प्रवाशाला असे शुल्क दारातूनच परतवते, हे मला खटकते. तरीही पाहुण्याने दिलेल्या पैशाचे पुढे काय होते, हे यजमान इतक्या उघडपणे सांगतो, अशी ठिकाणे मला फार थोडी आढळली आहेत.