माउंटन बाईकवर सामान लादण्याआधी

त्या दिवशी दुरुस्तीला आलेली माउंटन बाईक जुनी होती, पण फ्रेम पोलादी आणि सरळ. फ्रेममध्ये मागचं चाक बसतं त्या टोकांवर कॅरिअरची भोकंही होती. मालकांना ती लांबच्या प्रवासासाठी हवी होती. मोठी अडचण पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाची होती. त्यातलं ८० मिमी दबणारं सस्पेन्शन गंजून बसलेलं. त्याजागी जुन्या धाटणीचा आखूड फोर्क टाकला की पुढचा भाग चार-पाच सेंटिमीटर खाली येतो, हँडल चंचल होतं आणि वळणावर पेडल जमिनीला घासतं. म्हणून साध्या, न दबणाऱ्या फोर्कची उंची, ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंत (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंत), ४३० मिमीच्या आसपास निवडली. सस्पेन्शन माणसाच्या वजनाने दबल्यावर साधारण तेवढंच उरतं.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मात्र जागचा हलेना. फ्रेमच्या पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसशिवाय राहिला की ओलाव्याने दोन्ही धातू एकमेकांना धरतात. हातोडा मारला तर नळीच फाटते. सांध्यात पातळ तेल सोडून मुरू दिलं, पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि फ्रेमच हळूहळू फिरवली. आधी कर्रकन आवाज, मग पांढरी भुकटी, मग पोस्ट सुटला. व्हर्नियरवर माप आलं २६.८ मिमी. ‘जवळपास’ म्हणून २७.२ चा ठोकायचा नसतो.

मागच्या चाकाला मी कधीच काटकसर सुचवत नाही. सामानाचा बहुतेक भार तिथेच येतो आणि आरे तुटतात तेही तिथेच, बहुधा चेनच्या बाजूचे. रिमच्या कडा ब्रेकने झिजून आत वळल्या होत्या. १३५ मिमी रुंदीचा ३६ आऱ्यांचा हब (चाकाचा मधला तुंबा), दुहेरी भिंतीची रिम आणि १.७५ इंची टायर घेतला. पेडलजवळची २२-३२-४२ दातांची तीन चक्रं ठेवून मागे ११ ते ३२ दातांची कॅसेट (चक्रांचा संच) बसवली. सर्वांत हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. भरल्या सायकलीने घाट चढायला हेच लागतं.

मालकांना रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं वाकडं हँडलही हवं होतं. मी नको म्हटलं: माउंटन बाईकची आडवी नळी मुळात लांब, त्यात हात आणखी पुढे जातात; शिवाय या सायकलच्या व्ही-ब्रेकला (लांब हातांनी रिम दाबणाऱ्या ब्रेकला) त्या हँडलचे नेहमीचे लिव्हर पुरेशी केबल ओढत नाहीत. सरळ हँडललाच टोकाची शिंगं, म्हणजे हात बदलून धरायला छोटे दांडे, लावली.

बॅगा भरून स्टँडवर पेडल फिरवलं तर टाच बॅगेला लागली. बॅग फार मागे सरकवली तर भार ॲक्सलच्या मागे जातो आणि पुढचं चाक हलकं पडतं. म्हणून लांब पट्ट्यांचं कॅरिअर घेतलं आणि जड वस्तू पुढच्या फोर्कवर, खाली, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवल्या. शेवटी ११ दातांच्या, सर्वांत बाहेरच्या चक्रावर चेन टाकली तेव्हा टकटक ऐकू आली: कॅरिअरचा एम-५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट आतून तीन मिमी बाहेर डोकावत होता. तो आखूड करून थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवला, मग चेन मोकळी फिरली.