उचलीचा कागद

माणूस जिथे मरतो तिथेच त्याच्या मृत्यूची नोंद होते, तो राहायला कुठेही असो. 1969 चा कायदा आहे तसा. शहरात याचा कुणाला त्रास होत नाही, कारण दवाखानाच नोंद पाठवतो. पण दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेला माणूस कर्नाटकातल्या उसाच्या फडावर मरण पावला आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाने रातोरात पिकअपमध्ये घालून त्याला गावी पाठवला, तर? ग्रामसेवक म्हणतो, मृत्यू माझ्या हद्दीतला नाही. आणि तो चुकीचं बोलत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तालुक्याला एकल महिलांचे अर्ज भरून द्यायला जाते. आधारवरचं नाव पासबुकाशी जुळतं का, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली का, तलाठी आज येणार का, हेच आमचं समाजकार्य. तिथेच ही बाई आली. नवरा जानेवारी 2022 मध्ये ऊसतोडीला असताना बेळगाव जिल्ह्यात वारलेला. संजय गांधी निराधारचे महिना 1500 रुपये, राष्ट्रीय कुटुंबलाभचे एकरकमी 20,000, सगळं त्या एका मृत्यूच्या दाखल्यापाशी अडलेलं.

2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर ती, तिचा दीर आणि मी रात्रीच्या गाडीने तिकडे निघालो. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला पूर्वी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जावं लागायचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून प्रांताधिकाऱ्यांचा किंवा नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश चालतो. त्यामुळे मी जरा निर्धास्त होते. तहसिलातला कारकून अस्खलित मराठी बोलणारा निघाला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, तो इथे होता याला कागद काय?"

आधी कारखाना गाठला. शेतकी विभागातल्या माणसाने आढेवेढे न घेता त्या हंगामाच्या नोंदी काढल्या. ट्रॅक्टरचा नंबर होता, तोडणी-वाहतूक ठेकेदाराचं नाव होतं, तारीखवार टनेज होतं. ऊस तोडणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. कारखान्याचा करार ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी, आणि मजूर मुकादमाचे. मी तरी पानं उलटत राहिले. ती शांतपणे म्हणाली, "नाव कोण लिवून घेतंय, मॅडम? खेपा मोजत्यात."

मग दिराला आठवलं. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी भावाला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, संपलंय. तिथल्या सिस्टरने जानेवारीचं रजिस्टर शोधलं आणि कन्नडमधली एक ओळ वाचून दाखवली: पुरुष, वय पस्तीस, महाराष्ट्र, आणला तेव्हा मृत. नाव एवढं एकच, पुढे ना वडिलांचं ना आडनाव. त्या ओळीची प्रत मिळाली, पण कारकुनाने मान हलवली. या नावाचे शंभर असतील, हा तोच कशावरून?

दुपारचे तीन वाजून गेले होते. परत जायचं बोलणं सुरू झालं, तेव्हा तिने पिशवीच्या तळातून घडी पडलेली एक झेरॉक्स काढली. उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचा करार होता. नवरा-बायकोची पूर्ण नावं, वयं, गाव, आधार नंबर, दोघांचे फोटो, कारखान्याचं नाव, गळीत हंगाम 2021-22, खाली दोघांचे अंगठे आणि नोटरीचा शिक्का. इतका नेटका कागद मी बँकेत धडधाकट कर्जदारांचाही क्वचितच पाहिला असेल. नवऱ्याच्या दहाव्यानंतर मुकादम ही प्रत देऊन गेला होता, बाकी किती राहिली ते ध्यानात राहावं म्हणून. पुढच्या हंगामात थोरल्या पोराला जोडीला घेऊन ती पुन्हा फडावर गेली होती. कोयता म्हणजे दोन माणसं, एकटीला कोण नेतं?

"आधी का नाही दाखवला?" मी विचारलं.

"तुमी बी फेड म्हणला असता."

कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, वय ताडून पाहिलं, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे सरकवून तिला बसा म्हणाला. मग पुढचं सगळं त्यानेच लिहून दिलं: नोंद नसल्याचा दाखला, टोळीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, विलंब शुल्क. एक साक्षीदार दीरच होता. दुसरी टोळीतली बाई, तिचं प्रतिज्ञापत्र आम्ही गावाकडून करून पाठवलं.

आदेश यायला दिवाळी उजाडली. दाखला हातात आल्यावर निराधारचा आणि कुटुंबलाभचा असे दोन्ही अर्ज त्याच आठवड्यात दिले.

वीस हजार येणार ही बातमी मुकादमापर्यंत कशी गेली देव जाणे, पण तो तिच्या दारात येऊन बाकी मागून गेला. तिचा फोन आला. मी म्हटलं, एक रुपया देऊ नकोस, त्याला सांग मूळ कागद घेऊन तालुक्याला ये. तो अजून आलेला नाही. झेरॉक्स आता आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे आहे. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा या उचलीला लावता येईल का, ते त्या तपासत आहेत.