आठ गुंठ्यांचं माँराशे

फ्रान्समधल्या बर्गंडीत बोन शहर सोडून दक्षिणेला निघालं की थोड्याच अंतरावर प्युलिनी आणि शासान्य ही दोन गावं लागतात. दोघांच्या शिवेवर माँराशे नावाचं आठ हेक्टरांचं रान आहे. आपले वीस एकर. निम्मं या गावात, निम्मं त्या गावात. शार्दोने द्राक्षाची जगात सगळ्यात नावाजलेली पांढरी वाइन इथली. १८७९ मध्ये प्युलिनीने आपल्या नावापुढे ‘माँराशे’ लावून घेतलं. शासान्य कसं मागे राहील, त्यानेही लावलं.

आमचं घर शेतकऱ्यांचं. त्यामुळे वाइनवरचं काही वाचायला घेतलं की माझं लक्ष चवीकडे कमी आणि सातबाऱ्याकडे जास्त जातं. भाजलेला बदाम, मध, लिंबाची साल असं काय काय त्या वाइनमध्ये लागतं, ते जाणकारांना ठाऊक. एका बाटलीची किंमत लाखांत असल्यामुळे मला ते पडताळून पाहायची भीती नाही. मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. या वीस एकरांना दीड डझनाच्या आसपास मालक आहेत. आणि त्यांतल्या लफ्लेव्ह या घराण्याच्या वाट्याला, ज्याच्या पांढऱ्या वाइनचं नाव सगळीकडे आदराने घेतलं जातं, माँराशेतली किती जमीन असावी? ०.०८ हेक्टर. आठ गुंठे!

आमच्याकडे आठ गुंठ्यांत लोक घर बांधतात, पुढे दोन नारळ लावतात आणि उरलेल्या जागेवरून शेजाऱ्याशी भांडतात. हे त्यातून वाइनचं एक पिंप काढतात. पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या. वर्षाचं उत्पन्न एवढंच.

त्या भागात द्राक्षबाग अजूनही ‘उव्हरे’ या जुन्या मापात मोजतात. एका गड्याने एका दिवसात कुदळीने खणावी एवढी जागा म्हणजे एक उव्हरे, आपले सव्वाचार गुंठे. लफ्लेव्हांचं माँराशे दोन उव्हरे भरतं. गडी कामसू असेल तर दोन दिवसांत खणून मोकळा.

एवढे तुकडे कसे पडले? फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. पुढे १८०४ मध्ये नेपोलियनचा दिवाणी कायदा आला आणि सगळ्या मुलांना, मुलींनासुद्धा, सारखा वाटा मिळू लागला. थोरल्याला वाडा आणि धाकट्याला आशीर्वाद, हा प्रकार बंद. आजही तिथे बापाला पोटच्या पोराला बेदखल करता येत नाही. तीन किंवा जास्त मुलं असतील तर मालमत्तेचा तीन-चतुर्थांश भाग त्यांच्यासाठी राखीवच असतो. न्याय म्हणून हे उत्तमच. पण दर पिढीला जमिनीवरून दोरी फिरते, आणि द्राक्षाच्या ओळी मोजून वाटून घ्याव्या लागतात. एका मालकाच्या ओळी कुठे संपल्या आणि दुसऱ्याच्या कुठे सुरू झाल्या, हे सांगायला बांधही नसतो. छाटणी कशी केली आहे, दोन ओळींच्या मधे गवत ठेवलंय की नांगरलंय, त्यावरून ओळखायचं.

लफ्लेव्ह घराणं १७१७ पासून प्युलिनीत आहे. वाटण्या त्यांच्याही झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ लफ्लेव्ह नावाचा त्यांच्यातला एक जण घरच्या जमिनीत लक्ष घालू लागला. पेशाने जहाजांचा इंजिनिअर, फ्रान्सच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांच्या कामात असलेला. त्याआधी फिलॉक्सेरा या किडीने सगळ्या देशातल्या वेलींची मुळं खाल्ली होती, लोक बागांना विटले होते आणि जमिनीचा भाव पडला होता. जोसेफने वाटणीत आलेल्या मोजक्या जमिनीला तुकडा तुकडा विकत घेऊन जोडला आणि कीड न लागणाऱ्या अमेरिकन खुंटांवर नव्याने कलमं केली. माँराशेच्या वरच्या अंगाचं शव्हालिए आणि खालच्या अंगाचं बातार, या दोन्ही नामांकित रानांत त्याने पाय रोवले. माँराशे मात्र मिळालं नाही.

जोसेफच्या पश्चात त्याच्या मुलांनी जे केलं ते मला या सगळ्या वाइनपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी वाटणी जमिनीची केली नाही, कागदाची केली. घरची एक कंपनी काढली, जमीन कंपनीच्या नावे एकत्र राहिली आणि वारसांना हिस्से मिळाले. कुणी पॅरिसला गेलं, कुणी नोकरीत रमलं. हिस्सा आहे, पण ‘माझी ओळ मला तोडून द्या’ असं म्हणायची सोय नाही. कारभार भावंडांपैकी एक-दोघांनी पाहायचा. वर्षाकाठी भाऊबहीण, चुलते, पुतणे, भाचे अशी सगळी भरती एका टेबलाभोवती बसवायची आणि तरी जेवण शांतपणे पार पाडायचं, हे कौशल्य कुठल्याही वाइनच्या पुस्तकात शिकवत नाहीत.

ते आठ गुंठे अखेर १९९१ मध्ये घेतले. म्हणजे शिवेला लागून जवळपास शतकभर शेती केल्यावर!

तोवर कारभार तिसऱ्या पिढीकडे येत होता. जोसेफची नात आन-क्लोद आणि तिचा चुलतभाऊ आधी मिळून पाहत, नंतर ती एकटी. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क दिला १९९४ मध्ये, आणि कायदा आल्यावरही आमच्याकडे बहिणीला माहेरी बोलावून, साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत काही गेली नाही. तिकडे त्याच सुमाराला एक मुलगी घरचं सगळ्यात मोठं आसन सांभाळत होती आणि भाऊबंदांना सहज पटणार नाही असं काही करूनही दाखवत होती. तिने रासायनिक खतं-औषधं बंद केली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं, वसंतात उकरून त्यातलं थोडंसं पाण्यात तासभर घुसळायचं आणि रानावर शिंपडायचं. कामाचे दिवस चंद्र पाहून ठरवायचे. आधी शेजारी-शेजारी दोन तुकड्यांवर करून पाहिलं आणि १९९७ च्या सुमारास सगळी बाग त्यावर आणली. चंद्राचा द्राक्षाशी काय संबंध, यावर मी पैज लावणार नाही. पण शेतात रोज फिरल्याशिवाय ही पद्धत जमतच नाही, आणि रोज फिरणाऱ्याचं शेत कधी वाईट नसतं, एवढं आमचे आजोबाही सांगत.

आन-क्लोद २०१५ मध्ये, साठीही न गाठता गेली. तिच्यानंतर जोसेफचा पणतू आला. गाडी चालू आहे.

सगळ्यांची चालत नाही. जमिनीचा भाव इतका चढलाय की खरा गळफास वारसा कराचा बसतो. मुलांना आईबापांकडून येणाऱ्या मालमत्तेवर वरच्या टप्प्यात ४५ टक्के. शेतजमिनीला सवलती आहेत, तरीही कागदावर कोट्यधीश असलेल्या वारसाच्या हाती असते ती फक्त वाइन विकून आलेली रक्कम. बऱ्याच घरांत हिस्सेदारांपैकी कुणीतरी म्हणतो, विकूया. जवळच कॉर्तों-शार्लमान्यच्या उतारावर बोनो द्यु मार्त्रे ही अशीच पांढऱ्या वाइनची इस्टेट सुमारे दोनशे वर्षं एका घराण्यात होती. २०१७ मध्ये तिचा मोठा हिस्सा आर्सेनल फुटबॉल क्लबचे अमेरिकन मालक स्टॅन क्रॉन्की यांनी घेतला. तिथली वाइन आजही चांगलीच असेल. पण ‘यंदा पणजोबांच्या वेलींना कमी लागलंय’ असं म्हणणारं कुणी राहिलं नाही.

एप्रिल २०१६ च्या शेवटी एका रात्रीत बर्गंडीत कडाक्याचा गारठा पडला. कोवळ्या फुटव्यांवर दंव गोठलं, सकाळी वर ऊन आलं आणि फुटवे करपले. माँराशेचाही बराच भाग गेला. शरद ऋतूत तोडणीला आले तेव्हा कित्येकांच्या हाती पिंपाच्या तळालाही पुरणार नाहीत एवढीच द्राक्षं होती, आणि एवढ्याशा रसाची वाइन धड होत नाही. मग सात मालकांनी एक ठरवलं. प्रत्येकाने आपापली द्राक्षं आणून एकत्र ओतली आणि लफ्लेव्हांच्या तळघरात सगळ्यांची मिळून वाइन केली. लफ्लेव्ह त्यात होते, लाल वाइनसाठी जगप्रसिद्ध असलेली दोमेन द ला रोमाने-काँतीही होती. एरवी एकेका ओळीसाठी जिवाचं रान करणारी ही माणसं. दोन पिंपं झाली, म्हणजे सहाशे बाटल्या, आणि लेबलवर ‘सात घराण्यांची असामान्य तोडणी’ असं काहीसं छापलं.

कुणाच्या किती टोपल्या आल्या, याचा हिशेब मात्र पाटीवर खडूने लिहिलेला असणार, आणि तो कुणीतरी रात्री दुसऱ्यांदा तपासलेला असणार, याबद्दल माझी खात्री आहे. शेतकरी आहेत शेवटी.