एट अक्स

काल सूनबाईबरोबर ‘ब्रोकन बो’ नावाच्या गावाला जाऊन आले. लिंकनहून गाडीने तीनेक तास. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीच्या कचेऱ्या तिथे आहेत, म्हणजे आपलं तालुक्याचं गावच. तिच्या खापरपणजोबांनी १८८४ साली इथे होमस्टेडची जमीन धरली, एवढं घरात ठाऊक. खापरपणजीचं नावसुद्धा कुणाला येत नाही.

मी आयुष्यभर तलाठी. दस्तांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच जुन्या कागदाचा वास. हाताला पेलणार नाहीत असली जाडजूड बाडं, आणि आधी अनुक्रमणिका बघा, मग पान काढा ही तीच रीत. जमीन गट नंबराने नाही, सेक्शनने ओळखतात: एक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतकोर म्हणजे १६०. हा चतकोर १८६२च्या होमस्टेड कायद्याने सरकारकडून जवळपास फुकटात मिळायचा. अट एकच, पाच वर्षं राहून कसून दाखवायची. शेवटी दोन साक्षीदार आणून घर केवढं, नांगरट किती, हे लिहून द्यायचं. आपला पंचनामाच की! तो कागद सूनबाईने आधीच मागवून घेतला होता. घर मातीचं, मुळांसकट कापलेल्या गवताळ ढेपांचं. झाडं नव्हतीच तर लाकूड आणणार कुठून. साक्षीदारांची नावं होती. बायकोचं? ‘पत्नी व तीन मुले’. झालं.

१८९०च्या जनगणनेत सापडलं असतं, पण त्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ सालच्या वॉशिंग्टनच्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. १८८५ची राज्याची जनगणना आहे, तीत हे कुटुंबच दिसत नाही. मोजणारा त्या वाटेला गेलाच नसेल. गावकामगार असले प्रकार करतात, मला माहीत आहे.

मग खरेदीखतं. अनुक्रमणिकेत विकणाऱ्याच्या नावापुढे ‘एट अक्स’. वरच्या ओळीत एट अक्स, खालच्या ओळीत एट अक्स. मी म्हटलं, “अगं, सगळ्यांच्या बायका एकाच नावाच्या कशा?” ती हसायलाच लागली. लॅटिन आहे म्हणे ते: ‘आणि बायको’. मी मात्र हसले नाही. ‘मयताची पत्नी’ असं मीसुद्धा किती फेरफारांच्या कच्च्या टिपणांत लिहून ठेवलेलं, नाव नंतर भरू म्हणून.

पण बाडातला पूर्ण दस्त काढला तर तिथे नाव होतं! राहतं घर असलेली जमीन विकायची तर बायकोची सही लागायचीच. सही कसली, फुली. फुलीच्या अलीकडे तिचं नाव, पलीकडे आडनाव, वर-खाली ‘तिची खूण’ असं कारकुनाच्या सुबक अक्षरात. हा दस्त नक्कल होता, तेव्हा फुलीही कारकुनानेच काढलेली. सूनबाई तरी त्या फुलीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. नाव इथे लिहीत नाही, घरातलं आहे.

परतताना तिने विचारलं, “आई, तुमच्या पणजीचं नाव काय हो?”

रात्री गावी भावाला फोन लावला. तो म्हणाला, “मला काय विचारतेस? तलाठी तू होतीस.”