यिर्मयाचे ५२ अध्याय आणि माझा एक अर्ज

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि इमारत निधीचा हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, असं म्हटलं. एवढंच. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मला सलाम करणारे हात कमी झाले. महिला मंडळाच्या प्रार्थना सभेचा निरोप येईनासा झाला. ‘हिला मंडळी फोडायची आहे’ हे तिसऱ्याच माणसाकडून कानावर आलं. मी लेखी अर्ज दिला होता, तो मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एकाने पुरता न वाचताच फाडल्याचंही कळलं.

त्या दिवसांत मी बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलं. तेव्हा मला बोध नको होता, उत्तर द्यायला वचनं हवी होती. संदेष्ट्याला छळलं, मलाही छळतात, म्हणजे माझंच खरं, हे मला शास्त्रातून ऐकायचं होतं. ५२ अध्याय, रोज पहाटे एक.

पहिल्या काही दिवसांतच गोंधळ उडाला, कारण हे पुस्तक काळाच्या क्रमाने लावलेलं नाही. २६व्या अध्यायात यहोयाकीम राजा आहे, ३२व्यात सिद्कीयाचं दहावं वर्ष, आणि ३६व्यात पुन्हा यहोयाकीम. शेवटी वहीच्या मागच्या पानावर योशीया, यहोआहाज, यहोयाकीम, यहोयाखीन, सिद्कीया अशी यहूदाच्या पाच राजांची नावं लिहिली आणि कोणता अध्याय कुणाच्या काळातला ते पुढे मांडत गेले. वाचणाऱ्याने हे आधीच करावं. इ.स.पू. ६२७च्या सुमारास यिर्मयाला देवाचं पाचारण झालं, इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलं. चाळीस वर्षं हा माणूस तेच सांगत होता: देवाकडे वळा, नाहीतर नगर पडेल. माझ्या अर्जाला तेव्हा दोन महिने झाले होते.

अकराव्या अध्यायापाशी मी रडले. त्याच्या जिवावर उठले ते अनाथोथचे लोक, त्याच्याच गावचे. पुढच्या अध्यायात तर सख्खे भाऊही आले. परक्याचा शब्द माणूस झटकून टाकतो, पण ज्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं गीतं म्हटली, त्यांचं तोंड फिरवणं आतपर्यंत जातं. देवाने तिथे त्याला गोंजारलं नाही. पायी धावणाऱ्यांबरोबर दमलास, तर घोड्यांपुढे तुझा निभाव कसा लागणार, असं विचारलं.

पण मी खरी अडकले ती २८व्या अध्यायात. रोज एक अध्याय हा नेम तिथे मोडला, चार दिवस तेच पान उघडत होते. बाबेलच्या राजापुढे मान वाकवावी लागेल, याची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू आहे. मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर हनन्या सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, तिकडे नेलेली मंदिराची पात्रं आणि माणसं परत येतील. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलतो. यिर्मया म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. मग हनन्या ते जू ओढून मोडतो आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. लाकडी जुवाच्या जागी आता लोखंडी जू येईल, हा संदेश घेऊन तो परत येतो, पण नंतर, परमेश्वराचं वचन आल्यावर.

ते ‘आमेन’ मला सोडीना. आपलं भाकीत खोटं ठरावं, नगर वाचावं, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं. मी स्वतःला विचारलं, उद्या निधीचा हिशेब पैशापैशाने चोख निघाला, तर तुला आनंद होईल का? खरं उत्तर ‘नाही’ होतं. विरोध तर हनन्यालाही झाला, यिर्मयालाही झाला. केवळ विरोध होतो म्हणून माणूस संदेष्टा ठरत नाही.

यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी यहोयाकीमाने तीन-चार रकाने कापत शेगडीत टाकली तो ३६वा अध्याय वाचला, त्या दिवशी फाटलेला अर्ज पुन्हा लिहायला बसले. यिर्मयाचा लेखक बारूख याने लिहिलेल्या दुसऱ्या गुंडाळीत शब्द वाढले होते. माझ्या अर्जातले कमी झाले. अडीच पानांच्या सहा ओळी उरल्या, कारण बाकी सगळा राग होता.

३८व्या अध्यायात सरदारांची तक्रार आहे, हा लोकांचे हात ढिले करतो, म्हणजे त्यांचा धीर खचवतो. ‘मंडळी फोडते’ यापेक्षा ते फार वेगळं नाही. त्या सरदारांपैकी युकाल बिन शलेम्या आणि गदल्या बिन पशहूर यांची नावं असलेले मातीचे छोटे शिक्के यरुशलेमच्या दावीदनगरात २००५ आणि २००८ मध्ये उत्खननात सापडले. त्यांचे फोटो मी बराच वेळ पाहत होते. ही खरी, कामाची, शिक्कामोर्तब करणारी माणसं होती. पंचांकडेही मी मग तसंच पाहू लागले.

त्या तक्रारीवरून यिर्मयाला कोरड्या हौदात टाकलं आणि तो चिखलात रुतला, तेव्हा त्याला काढणारा एबद-मलेख हा परदेशी, कूश देशाचा. तीस माणसं आणि दोर त्याने घेतलेच, पण दोर काखेत काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्याही आधी खाली सोडल्या. त्याच सुमारास आमच्या मंडळीतल्या एक वयस्क काकू भर दुपारी घरी आल्या. हिशेबाचं नावही न काढता माझ्यासोबत डाळ निवडत बसल्या आणि जाताना प्रार्थना करून गेल्या.

यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक यिर्मयाकडेच आले, आमच्यासाठी देवाला विचार म्हणून. ‘मी सांगितलं होतं ना’ हा शब्द तिथे नाही. त्याने प्रार्थना केली आणि उत्तरासाठी दहा दिवस थांबला. मीही दहा दिवस पंचांची नावं घेऊन प्रार्थना केली. पहिले तीन-चार दिवस त्या एका नावापाशी जीभ अडखळायची.

अकराव्या दिवशी सहा ओळींचा अर्ज पाळक साहेबांच्या हातात दिला. हिशेब चोख निघावा, असं तोवर मला खरंच वाटू लागलं होतं, आणि तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी कागद माझ्यासमोर वाचला, घडी करून शास्त्रात ठेवला आणि पंचांच्या बैठकीत मांडतो म्हणाले. बैठक अजून व्हायची आहे.