हुर्राकच्या दिवसांत गोवा, आणि एक मीटिंग

एप्रिलमध्ये भाचीचं लग्न निघालं, तेही म्हापशात. माझी दारू सुटून तेव्हा चौदा महिने झाले होते. बायको म्हणाली, "यंदा नकाच जाऊ." पण नवरीला बोहल्यावर मामानंच आणायचं असतं. बहिणीला काय सांगणार?

सांगलीत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ज्या मीटिंगला मी बसतो, तिथल्या जुन्या मेंबरांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "लॉज नंतर बघ. आधी मीटिंग बघ." या प्रवासात मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, संकेतस्थळावर गावागावांतल्या मीटिंगचे वार, वेळा आणि पत्ते मिळतात. पणजीतली एक मीटिंग लग्नाच्या आदल्या संध्याकाळचीच होती. पत्ता टिपून घेतला आणि निश्चिंत झालो. तिथंच चुकलो, पण ते पुढं.

कोल्हापुरातून आजरा, आंबोली करत एसटी सावंतवाडीच्या बाजूला उतरते. दाणोलीपासून खिडकीतून काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास यायला लागला. हे दिवस हुर्राकचे. काजूच्या रसाची पहिल्या धारेची ती दारू याच दोन-तीन महिन्यांत मिळते. चौदा महिन्यांत विसरलो असं वाटत होतं, पण नाकाला सगळं आठवत होतं. मी खिडकी लावून घेतली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "अहो, उकडतंय की!" मग निम्मी उघडली.

लग्नघरी पोचलो तर मागच्या अंगणात मेहुण्यांची बैठक बसलेलीच. "दाजी, गोव्यात येऊन उपास का?" मी लिंबू-सोड्याचा ग्लास हातात धरून बसलो. नवीन सुटलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: हातात भरलेला ग्लास असला की दुसरा कोणी भरायला येत नाही. आणि ग्लास खाली ठेवून उठलात, तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवा घ्या. कारण विचारलंच तर "डॉक्टरांनी बंद केलीय" एवढं पुरतं. लग्नाच्या मांडवात आपली कहाणी सांगत बसायची गरज नसते.

पाच वाजता म्हापशाहून पणजीची बस धरली. टिपलेल्या पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप. बाहेर एक कुत्रं झोपलेलं, बाकी शुकशुकाट. समोरच बार. तिथं पत्ता विचारायला जावं असं मनात आलं, आणि ते का आलं हेही मला नीट कळत होतं. तसाच फुटपाथवर उभा राहून एएच्या हेल्पलाइनचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "खंय आसात? थांबा थंयच." जागा बदलली होती, यादीत अजून जुनीच होती. दहा मिनिटांत एक गृहस्थ स्कूटरवरून न्यायला आले. म्हणून सांगतो, यादीवर जाऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून वार, वेळ, जागा विचारा. मीटिंग 'ओपन' की 'क्लोज्ड' तेही विचारा. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही बसू शकतं.

नवी जागा चर्चच्या आवारातली बालवाडी निघाली. आमच्याकडचे काहीजण चर्च म्हटलं की बिचकतात. पण गट फक्त खोली वापरतो, धर्म कुणी विचारत नाही. आम्ही अकराजण गुडघे छातीला लावून पोरांच्या खुर्च्यांवर बसलो. भिंतीवर अननस आणि उंटाची चित्रं. कोकणी, इंग्रजी, मधूनच हिंदी. मी मराठीतच बोललो, कुणाला अडलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं बोलायलाच हवं असंही नाही, नुसतं नाव सांगितलं तरी चालतं. आडनाव तर नकोच. बाकीचे काय बोलले ते इथं लिहिणार नाही, तिथलं तिथंच राहतं. शेवटी कापडी पिशवी फिरते, तीत जमेल ते टाकायचं. नसतील पैसे तर पिशवी पुढं सरकवायची. फी नाही, आणि बाहेरच्यांची देणगी एए घेतच नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करून प्रवासाला निघू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. कुठं जावं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीचा 14446 हा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा वेगळ्या असतात. माझी बायको माझ्याआधी चार महिने तिकडं जात होती, हे मला फार उशिरा कळलं.

रात्री म्हापशाच्या बस विरळ होतात, तेव्हा परतीचं आधीच बघून ठेवा. मला स्कूटरवाल्यांनीच सोडलं. दुसऱ्या दिवशी भाचीला मांडवात आणलं. तिनं माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "मामा, ठीक आहेस ना?" पोरीनं माझे सगळे अवतार पाहिलेत.

परतताना बांद्याच्या अलीकडं तपासणी लागली. गोव्याची दारू पकडायला पिशव्या उघडत होते. माझ्या पिशवीत लालभडक बाटली बघून शिपायाचे डोळे चमकले.

"हे काय?"

"आगळ. कोकमाचं."

त्यानं बूच काढून वास घेतला, माझ्याकडं बघितलं, परत वास घेतला.


"खरंच आगळ आहे की हो," तो म्हणाला. जरा नाराजच झाला बिचारा.