एकसष्टचे दहा अंकी उत्तर

चाळीसगावच्या बाजारात कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यावर जो बारा अंकी कॅल्क्युलेटर असतो, त्यावर १,७६,६३,१९,०४९ ही संख्या सहज मावते. तिचा वर्ग मात्र मावत नाही, कारण तो एकोणीस अंकी आहे. या संख्येकडे खानदेशातल्या माणसाने थोड्या आपुलकीने पाहावे असे मला वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे, आणि ही संख्या त्याच आजोबांच्या ‘बीजगणिता’तली आहे.

प्रश्न दिसायला साधा आहे. कोणत्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ पुरतो, कारण ९६१ हा ३१ चा वर्ग आहे. ६२ घेतले तर ८ पुरतो आणि ६३ चा वर्ग मिळतो. ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० च्या खाली काहीच चालत नाही आणि मिळणारा वर्ग असतो तो आपल्या दहा अंकी संख्येचा. (या बावीस कोटींच्या पोटात नेमके एकसष्ट लाख यावेत हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.) फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये हेच ६१ चे कोडे आव्हान म्हणून घातले, तेव्हा भास्कराचार्यांनी चक्रवाल रीतीने, म्हणजे एका अंदाजापासून टप्प्याटप्प्याने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीने, ते सोडवून पाच शतके उलटली होती. ८ चा वर्ग ६१ पेक्षा तीनने मोठा, येथून आरंभ करून ते ३९ आणि ५ या जोडीवर येतात, जिथे ३९ च्या वर्गातून ५ च्या वर्गाची ६१ पट वजा केली की फरक उणे चार उरतो, आणि तेथून त्यांच्या आधीचे गणितज्ञ ब्रह्मगुप्त यांच्या ‘भावने’ने, म्हणजे अशा जोड्या एकमेकींशी गुणून नवी जोडी काढण्याच्या रीतीने, फरक एकावर आणतात.

मला खरी गंमत वाटते ती या संख्येच्या दोन भागांची. ती ८८,३१,५९,५२४ आणि ८८,३१,५९,५२५ या लगतच्या संख्यांची बेरीज आहे. त्यांतली पहिली २९,७१८ चा वर्ग आहे आणि दुसरी ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट. मोठ्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला की उरते ते या दोन भागांच्या गुणाकाराची चौपट, म्हणजेच ६१ गुणिले (२ × २९,७१८ × ३,८०५) चा वर्ग. आणि कंसातला गुणाकार बरोबर २२,६१,५३,९८० भरतो. एकोणीस अंकी वर्ग न मांडताही दुकानातल्या त्या कॅल्क्युलेटरवर आचार्यांचे उत्तर असे तपासता येते.

फर्माने ६१ च्या जोडीला १०९ चेही कोडे घातले होते. त्याचे सर्वांत लहान उत्तर पंधरा अंकी आहे आणि त्याचे असेच दोन भाग केले तरी ते चौदा अंकी निघतात, त्यामुळे तेथे कागद-पेन्सिलच घ्यावी लागते.